महापालिकेचा अर्थसंकल्प: वस्तीचा पैसा कुठे ठरतो आणि कुठे अडतो

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. पण त्याआधीची महाड नगरपालिकेची गोष्ट आपल्या भाषणांत फारशी येत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, नोंदवहीत गेला. पाणी मात्र कोणालाच भरता आले नाही, कारण तो अंमलात आणायला नगरपालिकेने हातपाय हलवले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी दुसरा ठराव मांडला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान थांबवा. नुसत्या ठरावाने काम होत नाही, पैशाची नाडी हातात लागते, हे बोल्यांच्या लक्षात आले होते. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

आज आपल्या शहरांत ठरावांना तोटा नाही. वस्तीत अभ्यासिका, विहाराशेजारी सभागृह, फेरीवाल्यांसाठी जागा, सगळ्याचे ठराव होतात. त्यामागे तरतूद आहे का आणि ती खर्च झाली का, हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात कळते. मार्च महिन्यात महाडची आठवण काढताना हे पुस्तक उघडायला हवे, कारण महापालिकाही आपला हिशेब याच महिन्यात मंजूर करते.

महाराष्ट्रातील बहुतेक महापालिकांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतो. मुंबईसाठी १८८८ चा वेगळा कायदा आहे. दोन्हीकडे सुरुवात आयुक्तांपासून होते. खातेप्रमुखांकडून मागण्या मागवून मुख्य लेखा व वित्त अधिकारी आकडे जुळवतात आणि आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात. मुंबईत ही मुदत ५ फेब्रुवारीची. १९४९ च्या कायद्याखालच्या महापालिकांत स्थायी समितीचे १६ सदस्य असतात. त्यांनी आपल्या दुरुस्त्या घातल्या की समितीचे अध्यक्ष अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे ठेवतात. कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत आणि संपूर्ण अंदाजपत्रक ३१ मार्चपूर्वी ठरवायचे असते.

वर्तमानपत्रांत बातमी येते ती सर्वसाधारण सभेची. शेर, चारोळ्या, विरोधकांचा सभात्याग, एखाद्या नगरसेवकाने आणलेला रिकामा हंडा. तोवर बरेच काही ठरून गेलेले असते. वस्तीचे काम यादीत यायचे असेल तर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रभाग कार्यालयाच्या अभियंत्याच्या मागणीपत्रकात यावे लागते. जानेवारीत निवेदन घेऊन आयुक्तांच्या दालनात गेलो तर फोटो मिळतो, लेखाशीर्ष मिळत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामे सुचवता येतात, पाच लाखांपर्यंतची. त्याचे अर्जही पावसाळा संपता संपताच मागवले जातात. आपल्या किती मंडळांनी तो अर्ज कधी भरला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

यंदा या प्रश्नाला वेगळे वजन आहे. मुंबई, नागपूर, पुणे यांसह अनेक महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांसारख्या ठिकाणी तर २०२० पासूनच प्रशासक होते. या काळात आयुक्त अंदाजपत्रक मांडत, स्थायी समिती म्हणून तेच तपासत आणि सर्वसाधारण सभा म्हणून तेच मंजूर करत. मुंबईचे २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक असेच मंजूर झाले, एकाही निवडून आलेल्या माणसाने त्यावर हात वर न करता. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि सभागृहे पुन्हा भरली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ टी नुसार अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव असलेल्या जागांवर आपले प्रतिनिधी बसले आहेत. त्यातले बरेच जण पहिल्यांदाच निवडून आले आहेत आणि हे जाडजूड पुस्तक त्यांनाही नवे आहे. त्यांना ते वाचायला लावणे हे मतदारांचेच काम आहे.

पुस्तक वाचायचे म्हणजे प्रत्येक ओळीतले तीन आकडे वाचायचे. गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ आणि सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. बातमी होते ती तिसऱ्या आकड्याची. आपल्या कामाचा असतो पहिला. समजा 'मागासवर्गीय वस्त्यांत अभ्यासिका बांधणे' या लेखाशीर्षावर दोन कोटींची तरतूद आहे, सुधारित अंदाजात तीच वीस लाखांवर आली आहे आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च शून्य आहे. असे सलग तीन वर्षे दिसले तर अभ्यासिका फक्त छापली गेली, असे समजावे. काही ओळींपुढे हजार-दोन हजार रुपयेच असतात. ही टोकन तरतूद, म्हणजे लेखाशीर्ष जिवंत ठेवण्यापुरती. नंतर पैसे वळवायची सोय त्यातून राहते, एवढाच तिचा अर्थ. नगरसेवक मात्र वस्तीत येऊन 'बजेटमध्ये काम घेतले' असे सांगतो आणि ते खोटेही नसते.

पैसे येण्याइतकेच जाण्याचेही मार्ग आहेत. वर्षाच्या मध्ये एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवण्याला निधीचे वर्गीकरण म्हणतात. त्याचे प्रस्ताव स्थायी समितीच्या विषयपत्रिकेत ऐनवेळच्या विषयांसारखे येतात आणि एका ओळीत मंजूर होतात. आपल्या वस्तीचा निधी उड्डाणपुलाकडे किंवा चौकाच्या सुशोभीकरणाकडे गेला, तर तो बहुतेक अशा एखाद्या ओळीतून गेलेला असतो. दुसरा मार्ग वेळेचा. तरतुदीनंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश ही साखळी असते. फाइल दिवाळीपर्यंत हलली नाही, तर मार्चअखेर काम पूर्ण होत नाही आणि निधी अखर्चित राहतो. मग 'वस्तीने जागाच दिली नाही' किंवा 'ठेकेदार मिळाला नाही' असा शेरा येतो. कधी तो खराही असतो. जागेच्या वादात आपलीच दोन मंडळे आमनेसामने उभी राहिल्याने परत गेलेला पैसा कमी नाही.

आता ५ टक्क्यांविषयी. राज्य शासनाच्या आदेशांनुसार नागरी स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातून मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवायची असते. यातला दिव्यांगांचा वाटा आधी ३ टक्के होता. मागासवर्गीयांत नवबौद्धांचा समावेश आहे. केंद्रानेही १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत धरले आहे, त्यामुळे 'तुम्ही धर्म बदलला' हे उत्तर कोणत्याही खिडकीवर चालत नाही.

वाद असतो तो ५ टक्के कशाचे याचा. एक काल्पनिक हिशेब घेऊ. एखाद्या महापालिकेचे महसुली उत्पन्न ४०० कोटी आहे. त्यातले ३०० कोटी पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, कर्जाचे हप्ते अशा बांधील खर्चात जातात. ५ टक्के ४०० कोटींचे काढले तर २० कोटी होतात, उरलेल्या १०० कोटींचे काढले तर ५ कोटी. दोन्ही वेळा अंदाजपत्रकात '५ टक्के तरतूद' असेच छापले जाईल. म्हणून नगरसेवकाने सभागृहात पहिला प्रश्न हा विचारावा की ही टक्केवारी कोणत्या रकमेवर काढली, आणि उत्तर लेखी मागावे.

दुसरा घोळ अनुदानाचा आहे. नागरी दलित वस्त्यांच्या सुधारणेसाठी राज्याकडून जिल्हा वार्षिक योजनेतून महापालिकेला पैसे येतात. ते शासनाचे पैसे झाले. महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचा वाटा वेगळा. अंदाजपत्रकात दोन्ही एकाखाली एक लिहून मोठी बेरीज दाखवली जाते आणि स्वनिधीचा वाटा किती हे झाकले जाते. जमा बाजूला 'शासकीय अनुदाने' या सदरात तीच रक्कम सापडली, तर महापालिकेने खिशात हात घातलेला नाही हे उघड होते.

आणि जो पैसा खर्च होतो त्याचे काय होते? येथे थोडे कडू बोलावे लागेल. स्वागत कमान, नाव रंगवलेली बाकडी, चांगल्या असलेल्या गल्लीत पुन्हा पेव्हिंग ब्लॉक. ही कामे लवकर होतात, दिसतात आणि बिल निघते. अभ्यासिकेला ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रे आणि वीजबिल दरवर्षी द्यावे लागते. म्हणून इमारत होते, उद्घाटन होते आणि सहा महिन्यांनी कुलूप लागते. भांडवली खर्चाच्या शेजारी महसुली खर्चाची ओळ आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कोणत्याही वास्तूच्या घोषणेवर टाळ्या वाजवू नयेत.

आता वस्तीतल्या रोजगाराकडे येऊ. आपल्या समाजातला मोठा वर्ग पगारदार झाला, पण भाजी, फळे, चहा, वडापाव, जुने कपडे, पुस्तके, मूर्ती विकून घर चालवणारा वर्ग त्याहून लहान नाही. महापालिकेशी त्यांचा रोजचा संबंध अतिक्रमण विभागाच्या गाडीपुरता येतो. कायदा मात्र वेगळे सांगतो. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम १ मे २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे आहे. स्थलांतर करायचे तर ३० दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते, आणि मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार म्हणून घोषित करून तेथील विक्रेत्यांना हलवायचे नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

हे सगळे ठरवते ती नगर पथविक्रेता समिती. आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व. या समितीला कार्यालयाची जागा आणि कर्मचारी देण्याची जबाबदारी कायद्याने महापालिकेवर टाकली आहे.

आता अंदाजपत्रकात जाऊन या समितीची ओळ शोधा. सर्वेक्षणाची तरतूद, विक्री क्षेत्रात पट्टे मारण्याचा, दिवे, पाणी आणि शौचालयाचा खर्च शोधा. मग अतिक्रमण विभागाची पाने उघडा: गाड्या, इंधन, कंत्राटी मनुष्यबळ, गोदाम, बंदोबस्त. हटवण्यावर किती आणि बसवण्यावर किती, हे दोन आकडे शेजारी लिहिले की त्या शहराचे फेरीवाला धोरण कळते. धोरणाचा कागद मग वाचला नाही तरी चालेल. जमा बाजूही बघा. परवाना शुल्क, दैनंदिन बाजार फी, भुईभाडे या रूपाने पदपथावरचा माणूस महापालिकेला पैसे देतो. फुकटात बसतो हा त्याच्यावरचा आरोप महापालिकेच्याच पुस्तकात खोटा ठरतो.

१ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने यात एक विसंगती आणली. महापालिकेच्या ओळखपत्रावर किंवा शिफारसपत्रावर विक्रेत्याला बँकेचे विनातारण कर्ज मिळते. पहिला हप्ता १० हजारांचा होता, २०२५ मध्ये तो १५ हजार झाला, आणि वेळेवर फेडणाऱ्याला पुढे ५० हजारांपर्यंत जाता येते. म्हणजे महापालिकेचे एक खाते त्याला विक्रेता म्हणून शिफारस देते आणि दुसरे खाते त्याच्या हातगाडीवर अतिक्रमण म्हणून हातोडा चालवते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. शिफारसपत्र आणि हप्त्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आपण त्या जागी धंदा करत होतो याचा तो महापालिकेच्याच सहीचा पुरावा असतो.

आपल्या सणांच्या दिवसांचा बाजार हा याच प्रश्नाचा भाग आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर मुंबई महापालिका मंडप, पिण्याचे पाणी, फिरती शौचालये, आरोग्य कक्ष यांची सोय करते. विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरात नागपूर महापालिका पाणी आणि स्वच्छता बघते. हा खर्च उपकार म्हणून सांगितला जातो. पण त्या दिवसांत या मैदानांवर पुस्तकांची जी विक्री होते, ती अनेक लहान प्रकाशकांचे वर्ष तारून नेते. मूर्ती, दिनदर्शिका, फोटो, पंचशील ध्वज, कॅसेटच्या जमान्यापासून चालत आलेली भीमगीते, खाद्यपदार्थ हा बाजार दोन-तीन दिवसांचा असला तरी बाजारच आहे. स्टॉल कोणाला, किती जागेत, कोणत्या दराने, हे ठरवण्याचे नियम आधी जाहीर झाले पाहिजेत. स्टॉल एकाच्या नावावर आणि बसणारा दुसराच, अशी तक्रार झाली तर बोट आपल्याच लोकांकडे जाते, हेही मान्य करावे. शहराच्या पथविक्री आराखड्यात या वार्षिक बाजारांची नोंद करून घेणे हे नव्या नगरसेवकांना सहज जमण्यासारखे काम आहे.

महापालिका 'पैसे नाहीत' म्हणते तेव्हा ते पूर्ण खोटे नसते. जकात गेली, मग आलेला एलबीटीही गेला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्याकडून दरवर्षी ८ टक्के वाढीने भरपाई मिळते. अनेक महापालिकांत पगार त्यावरच होतात. स्वतः उभा करायचा पैसा म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानग्यांचे शुल्क. बाबासाहेबांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथात केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाचा असाच हिशेब मांडला होता: खर्चाची जबाबदारी खाली आणि उत्पन्नाची किल्ली वर असली की कारभार कसा चालतो. आजच्या महापालिका राज्याच्या संदर्भात त्याच जागी उभ्या आहेत. पण पैसा कमी असतो तेव्हा काटछाट कुठून सुरू होते, हा निवडीचा प्रश्न आहे. आणि ती निवड सुधारित अंदाजाच्या रकान्यात छापलेली असते.

हे सगळे तपासायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रकाची पीडीएफ असते. नसेल तर माहितीच्या अधिकारात मिळते. विहारात बसून चार-पाच जणांनी मागच्या तीन वर्षांच्या प्रती शेजारी ठेवाव्यात आणि फक्त चार ठिकाणच्या ओळी वहीत उतरवाव्यात: मागासवर्गीय कल्याण, आपला प्रभाग, अतिक्रमण विभाग, नगर पथविक्रेता समिती. एका रविवारचे काम आहे.

मग अर्ज करावा. जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्याच कारणावर तो परत येतो. 'विकास का झाला नाही' असे विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. असे विचारावे: अमुक वर्षात मागासवर्गीय कल्याण या लेखाशीर्षावरील मूळ तरतूद, सुधारित तरतूद, प्रत्यक्ष खर्च, कार्यादेशांची यादी आणि त्या लेखाशीर्षातून झालेल्या वर्गीकरणाच्या ठरावांच्या प्रती द्याव्यात. पथविक्रेत्यांसाठी दुसरा अर्ज स्वतंत्र करावा: शेवटच्या सर्वेक्षणाची तारीख, दिलेल्या प्रमाणपत्रांची संख्या, समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, जप्त मालाच्या नोंदवहीच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. १४ एप्रिलची गडबड आटोपली की लगेच अर्ज टाकावा. अपील धरूनही पावसाळ्यापर्यंत कागद हातात येतील, आणि खात्यांच्या मागण्या पाठवायला तेव्हा अजून तीन महिने उरलेले असतील.